डिप्लोमसी, मुत्सद्देगिरी आणि खानदेशातील भिल्ल पलटण

‘डिप्लोमसी’ या इंग्रजी शब्दाचा पहिला अर्थ दोन राज्यांमधील वाटाघाटी हा असला, तरी समोरच्याचे मन न दुखावता आपले काम साधून घेण्याच्या चातुर्यालाही तो लावला जातो, आणि या दुसऱ्या अर्थात सौजन्याइतकाच धोरणीपणाही असतो. मराठीत त्यासाठी मुत्सद्देगिरी हा शब्द रुळलेला आहे. नुसता गोडबोलेपणा म्हणजे मुत्सद्देगिरी नव्हे. समोरच्याला काय हवे, त्याचा मान कशात आहे आणि त्याची अडचण कोठे आहे, हे हेरून पाऊल टाकणे तिच्यात अभिप्रेत असते.

आजचा नंदुरबार जिल्हा ज्या खानदेशाचा भाग होता, तेथे याचे बोलके उदाहरण सापडते. 1818 मध्ये खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला, तेव्हा सातपुड्यातील आणि सातमाळ्यातील भिल्ल नाईक, म्हणजे टोळ्यांचे प्रमुख, कोणाचीच सत्ता मानण्यास तयार नव्हते; कारण गावची जागल आणि घाटांची राखण यांबद्दलचे त्यांचे परंपरागत हक्क आधीच्या धामधुमीत व दुष्काळात बुडाले होते. फौजा पाठवूनही बंदोबस्त होईना, म्हणून 1825 मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, धोरण बदलले: शेतीसाठी तगाई, म्हणजे सरकारी उचल, देऊन भिल्लांना स्थिर करणे आणि त्यांच्यातूनच पलटण उभारणे.

हे दुसरे काम जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे आले. त्याने आधी हल्ला करून माणसे पकडली, मग त्यांतील काहींना, बाकीच्यांचे नातलग घेऊन आल्यास सर्वांची सुटका होईल या बोलीवर सोडले, आणि त्यांच्यामार्फत नाईकांशी संधान बांधले. पुढे तो त्यांच्याबरोबर एकटाच जंगलात गेला, त्यांना मनसोक्त ब्रँडी पाजली आणि पहाऱ्याशिवाय त्यांच्यात राहिला. तेव्हा कोठे पाच जण भरती होण्यास राजी झाले. धरणगावच्या भिल्ल पलटणीची ही सुरुवात.

इंग्रजी चरित्रकारांनी या प्रकरणातील धाडस आणि माया यांचे कौतुक केले, तेवढे मात्र खरे चित्र नाही. विश्वास टाकण्याआधी ओलीस हाती होते, आणि भिल्लांना भिल्लांवरच बंदोबस्तासाठी ठेवण्यात कंपनीचा उघड फायदा होता. तरीही बळाच्या जोरावर जे सात वर्षांत जमले नव्हते ते मान देऊन साधले, हे नाकारता येत नाही. ही निष्ठा कायमची नव्हती: सेंधवा घाटाच्या राखणीसाठी कंपनीच्या चाकरीत राहिलेले खाज्या नाईक यांनी 1857 मध्ये तिच्याविरुद्धच शस्त्र उचलले.