चुकांची उघडी वही

देऊळगांव राजाच्या बाजारांत जुन्या वळणाची पेढी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस एक गोष्ट ठाऊक असेल: चांगला मुनीम चुकलेली रक्कम खरवडून काढीत नाहीं, ती दिसूं देऊन पुढें दुरुस्तीची नोंद करतो. संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे लोकही अशीच वही ठेवतात. मात्र पेढीची वही परक्यास दाखवीत नाहींत, आणि आम्ही जिच्याविषयीं लिहीत आहों ती कोणासही उघडून पाहतां येते.

ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांस वाचावयास, बदलावयास व वांटावयास मोकळा असतो, तिला मुक्त आज्ञावली म्हणतात. १९९३ सालीं इयान मर्डॉक यांनीं आरंभिलेली ‘डेबियन’ ही संगणकप्रणाली त्या जातीची असून, देशोदेशींचे स्वयंसेवक ती रचतात. १९९७ सालीं या मंडळींनीं एक करारपत्र स्वीकारलें. आपले दोष लपविणार नाहीं व दोषांची सगळी वही सदैव खुली ठेवूं, असें त्यांत वचन आहे. मालांतील उणिवांची यादी दुकानाच्या दारावर टांगणारा व्यापारी आम्हीं तरी पाहिलेला नाहीं!

इंग्रजींत अशा दोषास ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. १९४७ सालीं हार्वर्ड येथील गणकयंत्रांत खराखुरा पतंग सांपडला आणि तो नोंदवहींत चिकटवून ठेवण्यांत आला. शब्द मात्र त्याहून जुना आहे.

डेबियनच्या वहीची रीत साधी आहे. तक्रार विद्युत्पत्रानें येते, तिला क्रमांक मिळतो, आणि पुढील सर्व चर्चा त्याच क्रमांकाखालीं नोंदली जाते. दोघांनीं एकच दोष कळविला असेल तर त्या तक्रारी एकत्र जोडतात. ‘अमुक सोय असावी’ अशा इच्छाही याच वहींत, पण सर्वांत खालच्या पायरीवर, लिहितात. वरच्या पायरीवरील दोष नवी आवृत्ति निघण्यापूर्वीं काढावे लागतात. नाहीं तर ती सदोष आज्ञावली सामान्यतः वगळली जाते. दोष दूर झाला तरी नोंद पुसत नाहींत.

खरी अडचण तक्रार लिहिण्यांत आहे. ‘चालत नाहीं’ एवढ्यानें कोणास कांहींच उमगत नाहीं. आमच्या भाषेंतील एक उदाहरण घेऊं. ‘आचार्यास बोलवा’ म्हटलें तर गुरु येतात. ‘आचाऱ्यास बोलवा’ म्हटलें तर स्वयंपाकी येतो. दुसऱ्या रूपासाठीं युनिकोड या लिपिसंकेतांत टिंब असलेला ‘ऱ’, मग हलन्ताचें चिन्ह, मग ‘य’ असा क्रम आहे. फाँटांत तो नियम नसला तर शब्द विद्रूप दिसतो, आणि यंत्र हूं कीं चूं करीत नाहीं. परदेशांतील कर्त्यास मराठी येत नसेल तर त्याच्या दृष्टीस तो दोष पडणारच नाहीं. मराठी वाचणाऱ्यानेंच तो कळवावा लागतो.

त्या तक्रारींत चार गोष्टी याव्यात: कोणतीं अक्षरें कोणत्या क्रमानें टंकिलीं, शब्द कसा दिसावयास हवा होता, कसा दिसला, आणि फाँटाचें नांव व आवृत्ति कोणती. शब्दाचीं शुद्ध व अशुद्ध अशीं दोन चित्रें सोबत जोडलीं, म्हणजे मराठीचें एक अक्षरही न जाणणाऱ्या कर्त्यास तीं शेजारीं ठेवून दुरुस्ती तपासून पाहतां येते.