भुलीची भीती पोटात ठेवू नका

रात्री-अपरात्री एकटा मळ्यात पाणी धरायला जाणारा गडी आणि विंचू चपलेने मारणारी बाई, दोघेही ऑपरेशनचे नाव काढले की गप्प होतात, हे आपण घरोघर पाहतो. मग कारणे निघतात. "कांद्याची काढणी होऊ द्या", "ऊस तुटून जाऊ द्या", "पोरीचं लग्न उरकू द्या." ही कारणे खोटी नसतात. पण त्यांच्या आड खरे कारण बसलेले असते, आणि ते म्हणजे भीती. ही भीती बहुधा सुरीची नसते, भुलीची असते. आपण झोपी जाऊ आणि आपला जीव दुसऱ्याच्या हाती राहील, ही ती भीती.

आमच्या घरचीच गोष्ट सांगते. आमचे गाव नेवासे तालुक्यात. माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना आम्ही आक्का म्हणतो, वय बावन्न. जेवण झाले की उजव्या कुशीत कळ यायची, ती पाठीपर्यंत जायची. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून पित्ताशय काढावे लागेल, आणि त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागेल. दोनदा तारीख ठरली आणि दोनदा आक्कांनीच मोडली. एकदा कांदा आडवा आला, एकदा पाहुण्यांकडचे लग्न. तिसऱ्या वेळी रात्रीतून इतकी कळ आली की थोरल्या दिरांनी ऐकून घेतले नाही. नगरला दवाखान्यात भरती केले. रात्री सोबतीला मी राहिले.

दिवे मालवल्यावर आक्का कुशीवर वळल्या आणि म्हणाल्या, "मी झोपले अन् उठलेच न्हाई तर गं?"

मी म्हणाले, "आक्का, असं काही बोलू नका. सगळं चांगलं होईल." आज कळते, हे माझे चुकलेच. माणूस मन मोकळे करायला बघतो आणि आपण "असं बोलू नये" म्हणून त्याचे तोंड बंद करतो. आक्का थोडा वेळ गप्प पडून राहिल्या. मग आपणहूनच बोलल्या. त्यांच्या माहेरी एक चुलती फार वर्षांपूर्वी ऑपरेशनला गेली ती परत आलीच नाही. तेव्हा आक्का आठ वर्षांच्या होत्या. पंचवीस-तीस वर्षे मी त्यांच्याबरोबर एका चुलीवर स्वयंपाक केला, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. दुसरी भीती, मध्येच जाग आली तर? आणि तिसरी, जी सांगताना त्यांचा गळा दाटला. "मंगळसूत्र काढाया लावत्यात म्हणं. मालक समोर असताना गळा मोकळा कसा करू?"

सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. नाडी पाहिली, तोंड उघडायला लावले, दात पाहिले. मग विचारले, "मावशी, रात्रीपासून पोटात काही गेलंय का? खरं सांगा."

आम्ही सगळे गप्प. कारण पहाटे साडेपाचला पुतण्याने थर्मासातून चहा आणला होता, आणि रिकाम्या पोटी ताकद कशी राहणार म्हणून आक्कांनी अर्धा कप घेतला होता. मी पाहिले होते आणि मीही काही बोलले नव्हते. आक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "घेतलाय जी अर्धा कप. भ्यावानं जीव सुकला व्हता."

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, आज तुम्ही खरं बोललात, हे फार चांगलं केलंत. तुमच्या जिवाला धोका होता तो या अर्ध्या कपाचा."

वाचकहो, हे नीट समजून घ्या. जागेपणी पाण्याचा घोट श्वासनळीकडे गेला तर ठसका लागतो आणि आपण वाचतो. भुलीत हा ठसकाच झोपलेला असतो. पोटातले अन्न वर आले आणि फुप्फुसात उतरले, तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून साधारणपणे जेवण व दूध ऑपरेशनच्या आधी किमान ६ तास बंद असते. तेलकट, जड जेवण ८ तास. आपला दुधाचा चहा दुधातच मोजायचा. साधे पाणी बहुतेकांना २ तास आधीपर्यंत चालते, पण प्रत्येकाची गोष्ट वेगळी, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच पाळा. देवाचा अंगारा कपाळाला जरूर लावा. तीर्थ-प्रसाद मात्र तोंडात घालू नका.

भूल म्हणजे काय?

त्या दिवशी डॉक्टरीणबाई आक्कांच्या खाटेजवळ दहा मिनिटे बसल्या. त्यांचे बोलणे मला अजून आठवते. "मावशी, मी तुम्हाला झोपवून बाहेर जाणार नाही. तुम्ही डोळे उघडेपर्यंत तुमच्या उशाशी मी बसलेली असते."

आपल्याला वाटते, भुलीचे एक इंजेक्शन दिले की भूल देणाऱ्याचे काम संपले. तसे नाही. आधी हाताच्या शिरेत सुई लावतात. तोंडावर मुखवटा धरून प्राणवायू देतात. शिरेतून औषध गेले की थोड्याच वेळात माणूस झोपतो. त्यानंतर, पूर्ण झोपेत, श्वासासाठी नळी घालतात, म्हणून तिचा त्रास आपल्याला कळत नाही. मग ऑपरेशन चालू असेपर्यंत भूलतज्ज्ञ औषध कमी-जास्त करीत राहतो. रात्री मचाणावर बसून पिकाची राखण करणारा जसा प्रत्येक खसखशीकडे कान लावतो, तसा तो छातीचे ठोके, रक्तदाब आणि श्वास यांवर नजर ठेवतो. बोटाला लावायचा चिमटा तर करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, आपण गावागावात पाहिला. रक्तातला प्राणवायू सांगणाऱ्या त्या चिमट्यामागचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्याने १९७४ साली मांडले. ऑपरेशनच्या खोलीत तो बोटाला लावलेलाच असतो.

मध्येच जाग येईल का? ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांनी मोठी पाहणी करून २०१४ साली सांगितले की साधारण १९,००० पूर्ण भुलींमागे एका रुग्णाने तशी तक्रार केली. निरोगी माणूस केवळ भुलीमुळे दगावण्याचे प्रमाण तेथील भूलतज्ज्ञ सुमारे एक लाखात एक असे सांगतात. धोका शून्य आहे असे कोणी म्हणत नाही. रोग किती बळावला, माणसाची प्रकृती कशी, सोय कशी, यावर तो कमी-जास्त होतो. म्हणूनच दुखणे अंगावर काढून नड आल्यावर धावत जाण्यापेक्षा, ठरवून आणि तयारीने गेलेले केव्हाही बरे.

जुनी भीती कुठून आली?

आक्कांच्या चुलतीची गोष्ट खोटी नव्हती. आपल्या आजी-पणजीच्या काळची भीतीही खोटी नव्हती. भुलीचा पहिला गाजलेला जाहीर प्रयोग १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे झाला. औषध होते ईथर. १८४७ साली ते कलकत्त्यात पोहोचले. त्याच वर्षी भुलीसाठी क्लोरोफॉर्म वापरात आले आणि पुढे कितीतरी वर्षे तेच चालले. क्लोरोफॉर्मने काही माणसे टेबलावरच दगावत, आणि ती का दगावतात यावर डॉक्टरांचेच एकमत नव्हते. निजामाच्या हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली यासाठी दोन आयोग बसले. श्वासाकडे लक्ष ठेवले म्हणजे झाले, हृदयाला भीती नाही, असे त्यांनी सांगितले. ते पुढे चुकीचे ठरले; क्लोरोफॉर्म हृदयालाही अपाय करते. त्याच हैदराबादेत डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या हाताखाली रूपाबाई फरदूनजी ही पारशी बाई भूल द्यायला शिकली. जगातील पहिली महिला भूलतज्ज्ञ म्हणून तिचे नाव घेतात. आपल्या जामखेड तालुक्याच्या पलीकडे, बीडच्या बाजूला, त्याच निजामाची हद्द लागत असे.

आज भुलीसाठी क्लोरोफॉर्म कोणी देत नाही. औषध गेले, पण त्याची दहशत घराघरांत राहिली.

ती दहशत कशी जाते, हेही आपल्याच जिल्ह्याने दाखवून दिले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या साध्या बाया, त्यांतल्या कितीतरी अक्षरओळख नसलेल्या, आरोग्याच्या कामासाठी तयार केल्या. शहरातून आलेल्याचे जे गाव ऐकत नाही, ते आपल्या गल्लीतल्या बाईचे ऐकते, हे त्यांनी ओळखले. डॉक्टरी ज्ञान पेटीत कुलूप लावून ठेवायचे नाही, ते वाटायचे, हा त्या कामाचा गाभा. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भीतीवर उतारा धमकी नव्हे आणि चेष्टाही नव्हे. आपल्या माणसाने आपल्या बोलीत सांगितलेली खरी माहिती, हाच उतारा.

काय विचारावे, काय सांगावे

डॉक्टरांना विचारायला लाजू नका. हे ऑपरेशन करायलाच हवे का? थांबले तर काय होईल? पूर्ण भूलच लागेल की कमरेखालची चालेल? भूल कोण देणार, आणि ते आधी येऊन तपासणार का? अशा प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. मनात शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही. पैशाची काळजी असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते ऑपरेशन बसते का, हे योजनेतल्या दवाखान्यातील आरोग्यमित्राला विचारा.

आणि आपण होऊन सांगा. विडी, तंबाखू, मिश्री, दारू. चारचौघांत सांगायला संकोच वाटला तर डॉक्टरांना बाजूला सांगा. विडी-सिगारेट जितक्या आधी सुटेल तितके फुप्फुसांना बरे. रक्तदाबाच्या, साखरेच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, वैद्याचा काढा, सगळे दाखवा. कोणती गोळी घ्यायची आणि कोणती थांबवायची हे तेच ठरवतील. दमा, रात्रीचे मोठे घोरणे, नुकताच झालेला ताप-खोकला, हलणारा दात, कवळी, पूर्वी कधी भुलीचा झालेला त्रास, घरात कोणाला झाला असेल तर तोही, हे सारे सांगायचे. नखांचा रंग पुसून जा; त्याने बोटाचा चिमटा फसू शकतो.

सहीचा कागद पुढे आला की अनेकांचा धीर सुटतो. "म्हणजे ह्यांनी हात झटकले" असे वाटते. तसे नाही. काय करणार आहेत आणि धोका कोणता, हे तुम्हाला समजले आणि ते तुम्हाला मान्य आहे, एवढाच त्या सहीचा अर्थ. म्हणून समजल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा.

आता मंगळसूत्राचे. रक्त थांबवायला ऑपरेशनात विजेचे उपकरण वापरतात. अंगावर धातू असेल तर भाजायची भीती असते. हाताला सूज आली तर बांगड्या, अंगठ्या रुततात. परिचारिकेने हे समजावले तेव्हा आक्का थोड्या सैलावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या दिरांनी स्वतःच्या हाताने मंगळसूत्र काढले, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले आणि म्हणाले, "आलीस की मीच घालीन." चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत असे काही बोललेले मी त्यांना पाहिले नव्हते.

सोबत जाणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. खाटेभोवती बसून "अमक्याचं असंच झालं होतं" या गोष्टी काढू नका. आजारी माणसाला जनावरांचे, पोरांचे, पाण्याच्या पाळीचे कोण बघणार हे नीट सांगा. निम्मी काळजी तिथेच जाते. झोप येत नसेल तर हळूहळू श्वास घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा, वाटले तर देवाचे नाव घ्यावे. तरीही जीव घाबरला तर परिचारिकेला सांगावे. गरज वाटली तर डॉक्टर त्यासाठीही औषध देतात.

शुद्धीवर आल्यावर थंडी वाजते, मळमळते, नळीमुळे घसा दुखतो. बहुतेकांना हे एक-दोन दिवसांत कमी होते. भुलीनंतर २४ तास तरी ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवू नये, विहिरीवरची मोटर सुरू करायला जाऊ नये आणि जमिनीच्या किंवा पैशाच्या कागदावर सही करू नये; डोके पूर्ण ताळ्यावर यायला तेवढा वेळ लागतो.

आक्कांना बाहेर आणले तेव्हा डोळे अर्धवट उघडून त्यांनी पहिला प्रश्न केला, "कधी न्यायचं मला आत?" सगळे झाले होते, त्यांना पत्ताही नव्हता. थोरले दीर खिसा चाचपत पुढे झाले.

परवा आमच्या वस्तीवरच्या एका सुनेचे गाठीचे ऑपरेशन ठरले. ती कोणाशी बोलेना. आक्का आपण होऊन तिच्या ओट्यावर जाऊन बसल्या. "असं बोलू नये" असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारले, "काय वाटतंय ते सांग बघू मला."

तुमच्या घरात, शेजारात कोणाची तारीख ठरली असेल, तर तुम्हीही एवढेच विचारा. आणि मग गप्प बसून ऐका.