स्क्रॅच कार्ड
स्क्रॅच कार्ड : पृष्ठभागावरील अपारदर्शक लेप खरवडताच निकाल कळणारी सोडतीची पत्रिका. नेहमीच्या सोडतीत तिकिटांची विक्री झाल्यावर क्रमांक काढतात. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये याच पद्धतीने सुरू झाली. स्क्रॅच कार्डात मात्र बक्षिसे छपाईच्या वेळीच ठरतात व बक्षिसाच्या पत्रिका इतरांत मिसळल्या जातात. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्याने १९७४ मध्ये संगणकाच्या साहाय्याने तयार केलेली अशी सोडत प्रथम विक्रीस आणली.

उदाहरणार्थ, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील १,००० कामगारांनी १० रु. किंमतीची प्रत्येकी एक पत्रिका घेतली, असे समजू. त्या पत्रिकांत १,००० रुपयांचे १, १०० रुपयांची १० व १० रुपयांची ३०० बक्षिसे आहेत. एकूण विक्री १०,००० रु. व बक्षिसे ५,००० रु.; म्हणजे एका पत्रिकेचे अपेक्षित मूल्य ५ रु. येते. बक्षीस ३११ जणांस मिळते. परंतु त्यांपैकी ३०० जणांना केवळ मूळ रक्कम परत मिळते व प्रत्यक्ष लाभ ११ जणांसच होतो. परत मिळालेली रक्कम पुन्हा अशाच पत्रिकांत घातल्यास तिच्यातूनही सरासरीने निम्मी जाते. त्यामुळे झालेला तोटा भरून काढण्यासाठी खेळल्यास तो बहुधा वाढतच जातो.

अनेक पत्रिका रिकाम्या निघाल्या, तरी पुढची बक्षिसाची असेलच असे नाही. मोठे बक्षीस आधीच निघून गेले असल्यास उरलेल्या पत्रिकांचे अपेक्षित मूल्य घटते. किंमत मात्र तीच राहते. म्हणून पत्रिकेची किंमत हा करमणुकीवरील खर्च समजणे सयुक्तिक होय. वेतनात भर घालण्याचे ते साधन नव्हे.