संनयन, वातावरणीय : विमानीय मापने
तापलेल्या भूपृष्ठालगतची हवा हलकी होऊन वर चढते व सभोवतालची तुलनेने जड हवा खाली येते, या क्रियेस वातावरणीय संनयन म्हणतात. राशिमेघ व गडगडाटी वादळे ही तिचीच दृश्य रूपे होत. वेधफुगा वारा नेईल तेथून मेघास एकदाच छेदतो. विमान मात्र हव्या त्या उंचीवरून पुनःपुन्हा नेता येते.

दुसऱ्या महायुद्धात वादळी मेघांत अनेक विमाने नष्ट झाल्याने अमेरिकेने हॉरेस बायर्स यांच्या नेतृत्वाखाली १९४६ मध्ये फ्लॉरिडात व १९४७ मध्ये ओहायओत ‘थंडरस्टॉर्म प्रॉजेक्ट’ राबविला. पाच पी-६१ लढाऊ विमाने सु. १·५ किमी. उभ्या अंतराने एकाच वादळात शिरत. प्रवाहामुळे विमान वरखाली फेकले गेले, तरी वैमानिकाने उंची राखण्याचा यत्न करू नये, अशी आज्ञा होती; कारण हे फेकले जाणे हेच मापन होते. तीवरून वादळपेशीच्या तीन अवस्था निश्चित झाल्या : केवळ ऊर्ध्व प्रवाहाची वाढीची, पावसाबरोबर अधःप्रवाह सुरू होणारी प्रौढ व अधःप्रवाहप्रधान क्षयाची.

पुढे जडत्वीय मार्गनिर्देशनामुळे विमानाची स्वतःची गती वजा करून हवेची ऊर्ध्व गती काढता येऊ लागली. हे काम नाजूक आहे. विमानाचा वेग सेकंदास १०० मी. असता प्रवाहकोनातील एका अंशाच्या चुकीने ऊर्ध्व गतीत सु. १·७ मी./से. एवढी चूक येते. अनेक ऊर्ध्व प्रवाह मुळात याहून फारसे प्रबळ नसतात. मेघातील तापमापक भिजून प्रत्यक्षाहून कमी तापमान दाखवितो, हा दोष अधिकच त्रासदायक. कारण हवेची उत्प्लावकता अंशाच्या अल्पशा फरकावर ठरते.

पूर्व अटलांटिकवरील ‘गेट’ या मोहिमेत (१९७४) निदान ५०० मी. अंतरापर्यंत सेकंदास १ मी. पेक्षा अधिक वेग टिकल्यास त्यास प्रवाहगाभा मानण्यात आले. हे सागरी गाभे फ्लॉरिडा-ओहायओतील गाभ्यांपेक्षा बरेच क्षीण आढळले. अर्थात वैमानिक अतितीव्र मेघ टाळतात, त्यामुळे अशा नमुन्यांत प्रबळ प्रवाह कमी येतात. शिवाय १ किमी. रुंदीचा प्रवाह विमान १० सेकंदांत ओलांडते. त्याच्या आधीचे व नंतरचे चित्र रडारवरूनच जुळवावे लागते.

भारतात १९७९ च्या ‘मोनेक्स’ मोहिमेत मॉन्सूनची विमानांतून पाहणी झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २००९ पासून ‘कायपीक्स’ प्रकल्पात मेघबिंदू, वायुकलिल व ऊर्ध्व प्रवाह यांची एकत्रित मापने केली; पुढे त्यांसाठी सोलापूरचा पर्जन्यछायेचा प्रदेशही निवडण्यात आला. तेथे मेघ दिसतात, पण पाऊस पडेलच असे नसते.