वन्यजीव छायाचित्रणासाठी पहिला कॅमेरा घेताना...

ताडोबा, पेंच किंवा भिगवणची सहल ठरली, की घरात कॅमेऱ्याचा विषय निघतो. दुकानात चर्चा होते ती मेगापिक्सेलची. प्रत्यक्षात वन्यजीव छायाचित्रणात निर्णायक ठरते ती लेन्स. कॅमेऱ्याची बॉडी काही वर्षांत जुनी होते; चांगली लेन्स बॉडी बदलल्यानंतरही साथ देते. म्हणून बॉडी साधी घ्यावी आणि अंदाजपत्रकातील मोठा वाटा लेन्ससाठी राखावा.

किती मिलिमीटरची लेन्स?

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यटकांनी वन्यप्राण्यांपासून किमान २० मीटर अंतर राखणे अपेक्षित आहे. प्राथमिक श्रेणीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो. अशा कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ लेन्सच्या ५५ मिमी टोकाला २० मीटरवरील सुमारे साडेआठ मीटर रुंदीचे दृश्य सामावते. त्यात वाघ झुडपांत हरवतो. ३०० मिमीला हीच रुंदी दीड मीटरवर येते आणि वाघ चौकट व्यापून टाकतो.

पक्ष्यांचे गणित निराळे. छोटा खंड्या जेमतेम १७ सेंटिमीटरचा. दहा मीटरवरून ३०० मिमीने टिपल्यास तो चौकटीच्या रुंदीचा पाचवा हिस्साच भरतो. ६०० मिमीने हे प्रमाण दुप्पट होते. त्यामुळे प्रामुख्याने सस्तन प्राण्यांसाठी ७०-३००, दोन्हींची आवड असल्यास १००-४०० आणि केवळ पक्ष्यांसाठी १५०-६०० झूम लेन्स योग्य ठरते. मात्र यातील शेवटची लेन्स दोन किलोच्या घरात जाते, हे ध्यानात ठेवावे.

प्रकाशाची अडचण

प्राणी हालचाल करतात ते पहाटे आणि सायंकाळी, म्हणजे प्रकाश कमी असताना. परवडणाऱ्या झूम लेन्सचे छिद्र कमाल लांबीला एफ ५.६ किंवा ६.३ पर्यंतच उघडते. एफ ४ ची लेन्स ५.६ च्या दुप्पट प्रकाश आत घेते. पण तिची किंमत कितीतरी पट असते. त्यावर उपाय म्हणजे आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत वाढवणे. चालत्या प्राण्यासाठी सेकंदाचा पाचशेवा, तर उडत्या पक्ष्यासाठी दोन हजारावा भाग इतका शटरवेग हवा. दाणेदार चित्र संगणकावर सुधारता येते, हललेले नाही.

बॉडी कोणती?

कॅनन आर १० (२०२२), निकॉन झेड ५० टू (२०२४) यांसारखे मिररलेस कॅमेरे प्राण्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस साधतात. खर्च आवरायचा असल्यास वापरलेला डीएसएलआर वाईट नाही. तथापि, कंपन्यांच्या नव्या लेन्स आता मुख्यतः मिररलेससाठीच येतात. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या बॉडीवर सहसा बसत नसल्याने बॉडी निवडण्यापूर्वी तिच्यासाठी कोणत्या लांब लेन्स मिळतात, ते पाहावे.

पहिल्या सहलीला मोठी लेन्स भाड्याने नेणे शहाणपणाचे. जिप्सीत तिपाई मांडायला जागा नसते. तांदळाने भरलेली कापडी पिशवी कडेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली, की हात स्थिर राहतो.

लेन्स अपुरी पडली, की ‘गाडी जरा पुढे घ्या’ असा आग्रह चालकाकडे धरला जातो आणि वाघाची वाट अडते. पुरेशा लांबीची लेन्स केवळ चित्र चांगले देत नाही, तर प्राण्याला त्याची जागाही देते.