मुलांसह उंची हॉटेलातील मुक्काम : भाडे, कर आणि कार्ड

परगावी गेल्यावर नातलगांकडे, धर्मशाळेत किंवा तेथील महाराष्ट्र मंडळाच्या अतिथिगृहात उतरण्याची मराठी कुटुंबांची रीत जुनी आहे. अलीकडे मात्र सुट्टीचे तीन-चार दिवस एखाद्या महानगरातील उंची हॉटेलात घालवावेत, असे अनेक कुटुंबांना वाटते. त्यात गैर काही नाही. पण ही हॉटेले प्रामुख्याने कामानिमित्त प्रवास करणाऱ्या प्रौढांसाठी आखलेली असतात. लहान मूल बरोबर असले की जाहिरातीतील खोलीभाडे आणि निघताना हाती पडणारे बिल यांत बरेच अंतर पडू शकते. हे अंतर बव्हंशी आरक्षण करतानाच ठरून जाते.

हॉटेलांना तारे देण्याची केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची योजना ऐच्छिक आहे. एक ते पाच तारे आणि त्यावर पंचतारांकित डिलक्स अशी तिची उतरंड आहे. हे तारे हॉटेलातील सोयींचा दर्जा सांगतात. मुलाला पाळणा मिळेल का, पोहण्याच्या तलावाला उथळ भाग आहे का, या प्रश्नांची उत्तरे हॉटेलला दूरध्वनी करूनच मिळवावी लागतात.

एक उदाहरण घेऊ. इंदूरचे एक चौकोनी कुटुंब, आठ वर्षांची मुलगी व तीन वर्षांचा मुलगा यांच्यासह, तीन रात्रींसाठी दिल्लीला निघाले आहे, असे समजा. प्रथम प्रश्न कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, तर त्याहून अधिक भाड्याच्या खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. ७,५०० रुपयांच्या खोलीवर ३७५ रुपये कर धरून ७,८७५ रुपये होतात. भाडे केवळ १०० रुपयांनी वाढून ७,६०० झाले, तर कर १,३६८ रुपये होतो आणि रक्कम ८,९६८ वर जाते. शंभर रुपयांची वाढ अशा रीतीने १,०९३ रुपयांना पडते. कराचा टप्पा प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावरून ठरतो, छापील दरावरून नव्हे. म्हणून काठावरच्या खोलीसाठी थोडी सवलत मागून पाहणे निश्चितच फायद्याचे असते.

चौघांसाठी एका खोलीत दाटी होते, म्हणून काहीजण मोठा स्वीट घेतात. त्याचे भाडे १२,००० रुपये असेल, तर करासह १४,१६० रुपये द्यावे लागतात. त्याऐवजी ६,००० रुपयांच्या दोन खोल्या घेतल्यास, प्रत्येक खोलीचा कर स्वतंत्रपणे मोजला जात असल्याने, एकूण १२,६०० रुपयेच होतात. तीन रात्रींत ४,६८० रुपये वाचतात. मात्र या दोन खोल्या आतील दाराने जोडलेल्या असाव्यात आणि तसे आरक्षणाच्या लेखी पुष्टीपत्रात नमूद करून घ्यावे. ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द तेथे असेल तर आई एका मजल्यावर आणि वडील दुसऱ्या, अशी वेळ येऊ शकते!

किती वयापर्यंतचे मूल जादा पलंगाविना विनामूल्य राहू शकते, हे प्रत्येक हॉटेल स्वतः ठरवते. न्याहारी भाड्यात समाविष्ट असली तरी ती अनेकदा दोन प्रौढांपुरतीच असते. आठ वर्षांच्या मुलीचे वेगळे पैसे पडतील का, हे आधी विचारलेले बरे. जादा पलंगाचा दरही करासह विचारावा.

जेवणाच्या करातही एक मेख आहे. हॉटेलने मागील आर्थिक वर्षात कोणत्याही खोलीसाठी दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक भाडे आकारले असेल, तर १ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमानुसार तेथील उपाहारगृहात १८ टक्के कर लागतो. आपली खोली ६,००० रुपयांची असली तरी त्यातून सुटका नाही. बाहेरच्या स्वतंत्र उपाहारगृहात हाच कर ५ टक्के असतो. सेवाशुल्काची बाब निराळी. ते कर नव्हे आणि सक्तीचेही नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ग्राह्य ठरवल्या. बिलात हे शुल्क परस्पर लावले असेल तर ते वगळण्यास सांगता येते, आणि दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

सर्वांत अधिक गैरसमज होतो तो कार्डाबाबत. खोली देताना स्वागतकक्ष कार्ड मागतो व भाड्याखेरीज अनामत म्हणून काही रक्कम रोखून धरतो. यास प्री-ऑथोरायझेशन म्हणतात. क्रेडिट कार्ड असेल तर तेवढी खर्चमर्यादा अडकते. डेबिट कार्ड असेल तर खात्यातील प्रत्यक्ष पैसे अडकतात आणि ते मोकळे होण्यास निघाल्यानंतरही काही दिवस लागू शकतात. दरम्यान गृहकर्जाचा हप्ता त्याच खात्यातून जाणार असेल तर तो अपुऱ्या शिलकीमुळे परत फिरू शकतो. हप्ता चुकल्याचा दंड व पतइतिहासावरील डाग या गोष्टी सहलीच्या आनंदाच्या मानाने फार महाग आहेत. म्हणून अनामतीसाठी शक्यतो क्रेडिट कार्ड द्यावे. ते नसेल तर हप्त्याची रक्कम अनामतीहून वेगळी शिल्लक ठेवावी. अनामत कार्डावर आणि अंतिम बिल मात्र यूपीआयने, असे झाल्यास कार्डावरील रोख रद्द केल्याची पावती मागून घ्यावी.

खोलीत पाऊल ठेवताच पहिली पाच मिनिटे मुलाच्या उंचीवरून खोली पाहण्यासाठी द्यावीत. चहाची विजेची किटली व तिची लोंबणारी तार, न्हाणीघरातील अतिउष्ण पाणी, गुळगुळीत संगमरवरी फरशी, काचेची जड दारे, खिडकीखाली ठेवलेली खुर्ची या वस्तू प्रौढांच्या नजरेत भरत नाहीत. सज्जा असलेली खोली तीन वर्षांच्या मुलासाठी न घेणेच इष्ट. पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक असतोच असे नाही, आणि असला तरी पालकांनी हाताच्या अंतरावर राहावे. मिनीबार रिकामा करून देण्याची विनंती आधीच करावी. काही हॉटेलांत फडताळावरून वस्तू उचलताच तिची नोंद आपोआप बिलात होते, आणि मुलांना रंगीत वेष्टने उचलून पाहण्याचा मोह अनावर असतो.

मुलांच्या झोपेचे व जेवणाचे वेळापत्रक हॉटेलच्या घड्याळाशी जुळत नाही. खोली बहुधा दुपारी दोननंतर मिळते, तर रात्रीची गाडी पहाटेच पोहोचते. सामान हॉटेलात ठेवून तो वेळ चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात घालवता येतो. तेथील छोट्या आगगाडीत मुले रमतात. हे संग्रहालय सोमवारी, तर प्राणिसंग्रहालय शुक्रवारी बंद असते. संध्याकाळी सातला मूल भुकेजते आणि उपाहारगृह साडेसातला उघडते, असे अनेक ठिकाणी घडते. अशा वेळी पाकगृहाला सांगितल्यास मूगडाळीची खिचडी किंवा दहीभात यादीत नसतानाही बहुतेक हॉटेलांत करून मिळतो. हिवाळ्यात दिल्लीची हवा दूषित असते. खोलीत हवा शुद्ध करणारे यंत्र मिळेल का, हेही विचारावे.

मोठ्यांना छायाचित्रासह ओळखपत्र लागतेच. मुलांचे आधार किंवा जन्मदाखल्याची प्रतही जवळ असावी. पाच वर्षांखालील मुलांना निळ्या रंगाचे बाल आधार मिळते. पाचव्या वर्षानंतर त्यातील बायोमेट्रिक माहिती अद्ययावत करावी लागते, हे पुष्कळ पालक विसरतात.

निघण्याच्या सकाळी मुले, सामान आणि गाडीची घाई यांत बिल नीट वाचले जात नाही. आदल्या रात्री मुले झोपल्यावर स्वागतकक्षाकडून बिलाचा कच्चा उतारा मागवावा आणि खोलीभाडे, जेवण, कपडे धुलाई व मिनीबार या नोंदी एकेक तपासाव्यात. चूक असल्यास ती त्याच रात्री दुरुस्त करून घेता येते.