मंदारिनचे अध्ययन आणि उपजीविका : तैपेईतील नवे पदवीधर

पदवी मिळाल्यावर दोनएक वर्षे परदेशी राहावे, पोटापुरते मिळवावे आणि मंदारिनही शिकावी, अशा बेताने इंग्रजीभाषक देशांतील अनेक तरुण तैपेईस येतात. तेथील राष्ट्रीय तैवान नॉर्मल विद्यापीठाचे मंदारिन प्रशिक्षण केंद्र १९५६ पासून परकीयांस ही भाषा शिकवीत आले आहे. बेत सोपा वाटतो. हिशेब मांडला म्हणजे अडचण कळते. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे इंग्रजीभाषकास व्यवसायोपयोगी मंदारिन येण्यास सुमारे २२०० तासांचे अध्यापन लागते. आठवड्यास दहा तासांचा वर्ग धरल्यास हा काळ २२० आठवड्यांचा, म्हणजे चार वर्षांहून अधिक होतो.

उरलेली तूट नोकरी भरून काढील, अशी अपेक्षा असते. ती अगदीच अनाठायी नाही. पण नोकरी कोणती, हा खरा प्रश्न. नवागतास सहज मिळते ते ‘बूशीबान’मध्ये, म्हणजे खाजगी शिकवणीवर्गात, इंग्रजी शिकविण्याचे काम. तेथे वेतन इंग्रजीचे असते, मंदारिनचे नव्हे. अध्ययनाच्या खर्चासाठी पत्करलेला व्यवसायच अशा रीतीने दिवसाचे उत्तम तास त्या भाषेपासून हिरावून घेतो. व्यापारी कचेरीत याच्या उलट घडते. मंदारिनमध्ये ‘खरेदी’ आणि ‘विक्री’ यांचे शब्द केवळ सुराने भिन्न आहेत. तो भेद वर्गात चुकला तर गुण जातात, कचेरीत मागणीपत्रच चुकते! मात्र अशा कचेरीत प्रवेश मिळण्यास भाषा आधीच बरीच यावी लागते. त्यामुळे साठविलेल्या पैशावर पहिले वर्ष केवळ अध्ययनात घालवून मग नोकरी शोधणे, हा क्रम खर्चिक असला तरी अधिक फलदायी ठरण्याचा संभव आहे.